नऊ इंच चौदा सेंट

पावसाने कुठे आणि किती पडावं हा त्याचा प्रश्न. पण पडून झाल्यावर माझ्या थोरल्या साडूंच्या वहीत सही केल्याशिवाय त्याने गाव सोडू नये, अशी व्यवस्था एके काळी आमच्या मुलखात होती. मी अतिशयोक्ती करतोय असं वाटेल, पण ज्यांनी त्यांना पाहिलंय ते मान हलवतील. कुरखेड्याहून दोन कोसांवर, साग आणि मोहाच्या जंगलाला पाठ लावून त्यांचं घर होतं, घराच्या एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, होत्या, आणि घर आणि बांध्या यांच्या मधल्या वाडीत, जिथे चांगल्या माणसाने वांगी लावली असती, तिथे त्यांचं हवामान केंद्र होतं. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हाच. पाऊस इंचांत मोजायचे, आणि इंचाच्या शंभराव्या भागाला सेंट म्हणायचे. हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी वडशाच्या शाळेत मास्तर, माझा पावसाशी संबंध छत्रीपुरता. पण बायकोची थोरली बहीण ज्या घरात दिली त्या घरचं दुखणं आपल्याही घरी येतं, त्याला इलाज नाही.

दुखणं सुरू झालं ते कुरखेड्याच्या कचेरीतल्या पर्जन्यमापकावरून. एका वर्षी कचेरीच्या कागदावर भरपूर पाऊस पडला आणि साडूंच्या गावात बांध्या कोरड्या राहिल्या. त्यांनी कचेरीत जाऊन विचारलं, तर कारकून म्हणाला, "दोन कोसांवर वेगळा पाऊस असतो का?" हा प्रश्न साडूंना जो लागला तो कायमचा. घरी येऊन ते बाईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, म्हणाले, "आपल्या गावात पानी पडते हे सरकारले माहीतच नाई. सरकारच्या यादीत गावाचं नाव आलं पायजे." बाई म्हणाल्या, "नाव आल्यानं पानी जास्त पडते का?"  दुसऱ्या आठवड्यात ते आठ कोस सायकल मारून वडशाला माझ्या दारात हजर, आणि मला घेऊन टिनवाल्या चाचांच्या दुकानी. पाच इंच तोंडाचं, आत बाटली, वर गाळणी, असं भांडं त्यांना हवं होतं, आणि तोंड पाच इंच म्हणजे पाचच इंच. चाचांनी तीनदा केलं, यांनी तीनदा फूटपट्टी लावून परत दिलं. चौथ्यांदा चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्टरजी, इसमें दूध नापना है कि सोना?" मी म्हटलं, पाऊस. चाचांनी माझ्याकडेच दयेने पाहिलं, आणि भांडं मात्र असं केलं की शेवटपर्यंत एक थेंब गळला नाही.

भांड्यामागून बाकीचा लवाजमा आला. चार पायांवर उभी, झडपांच्या भिंतींची पांढरी पेटी, तिच्यात दोन तापमापक. एक कोरडा आणि एकाच्या पायाला ओल्या मलमलीची चिंधी. ही चिंधी बाईंच्या नव्या लुगड्याच्या पदराची होती, कारण जुनी मलमल पाणी नीट ओढत नाही असं साडूंचं मत. औषधाची बाटली मुरब्ब्याच्या बरणीत उलटी ठेवून, आत कुंकवाचं पाणी घालून त्यांनी हवेचा दाब दाखवणारं यंत्र केलं होतं. आणि वाऱ्याचा वेग मोजायला उंच बांबूवर चार वाट्या गरगरत. या वाट्या माझ्या सासऱ्यांनी थोरल्या लेकीला लग्नात दिलेल्या अर्ध्या डझनातल्या. उरल्या दोन. त्यानंतर त्या घरी जेवायला बसलेल्या तिसऱ्या माणसाला वरण पळसाच्या द्रोणात मिळायचं, आणि तो तिसरा माणूस नेहमी मीच असायचो. जेवता जेवता डोक्यावर आपलीच वाटी फिरताना पाहणं काय असतं, हे मी सांगू शकतो.

नोंदीची वेळ सकाळी साडेआठ. या साडेआठापुढे त्यांना देव, धर्म, सोयरे, कोणी दिसत नसे. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात वरात दारात आली, वाजंत्री वाजू लागली, व्याही बैलांच्या दमणीतून उतरले, आणि वधूपित्याचा पत्ता नाही. मीच शोधत वाडीत गेलो, तर हे फेटा बांधून, कपाळाला गंध लावून भांड्यापाशी उकिडवे. म्हटलं, "भाऊजी, अहो व्याही उभे आहेत!" तर म्हणाले, "उभे राहू द्या ना, पानी थोडाच पडून राह्यला त्यांच्यावर? दोनच मिनिटं आहेत." त्या दिवसाची नोंद मी पाहिली आहे. पाऊस निरंक, वारा मंद, आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात: 'वरात आली.'

हा शेऱ्याचा रकाना म्हणजे माझ्या साडूंचा आत्मा. त्यांचा नियम एकच होता. भांड्यात जे आलं ते मोजायचं, आणि कुठून आलं ते शेऱ्यात लिहायचं. यात खाडाखोड नाही, दयामाया नाही. एकदा कडक उन्हाळ्यात भांड्यात दोन सेंट पाणी निघालं. आभाळात ढगाचं नाव नाही. यांनी आजूबाजूची माती पाहिली, वास घेतला, आणि लिहिलं, 'पाऊस ०.०२. शेरा: कुत्रा, पाटलाचा.' मी म्हटलं, भाऊजी, असली नोंद कोणी ठेवतं का? तर मलाच समजावू लागले, "मास्तर, आज कुत्र्याचं पानी लिवलं नाई, तर उद्या मी म्हनीन हा ढगही बरोबर नाई, तोही लिवत नाई. मंग वही कोनाची? माही." पाटलांना हे कळलं तेव्हा ते रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते स्वतः येऊन ती ओळ वाचून गेले, आणि पुढे पाहुण्यांना सांगत सुटले की आमचा कुत्रा वहीत आहे.

वहीत असणं ही त्या गावात हळूहळू मोठी गोष्ट झाली. शेजारच्या म्हाताऱ्या काकू नातीला घेऊन यायच्या, "भाऊ, हे जन्मली त्या दिवशी पानी किती होता जी?" साडू पानं उलटून सांगत, "पाऊन इंच, वारा पूर्वेचा, बारीक बारीक चालूच होता." काकू नातीला म्हणत, "पाय, म्हनूनच तू रडकी." कोणाचा बैल गेला, कोणाचं घर उभं झालं, त्या दिवसाचं आभाळ साडूंकडे जपून ठेवलेलं. एकाच गोष्टीचं उत्तर ते देत नसत, आणि लोकांना नेमकं तेच हवं असे. "भाऊ, उद्या पानी येईन का जी?" असं कोणी विचारलं की ते म्हणत, "मी होऊन गेलेला सांगतो. होनारा माह्याकडे नाई." चिंब भिजून आलेल्या माणसाला ते मोठ्या आपुलकीने सांगत की बाबा रे, काल दीड इंच पडला. तो माणूस अंगणात पिळत उभा, आणि हे त्याला वही दाखवतायत. बाई कपाळाला हात लावायच्या.

पण बाईंचं सांगतो. एका पावसाळ्यात साडूंना हिवतापाने गाठलं. पंधरा दिवस अंथरूण. पहिल्या सकाळी साडेआठला ते उठू लागले आणि उंबऱ्यात कोसळले. तेव्हा बाईंनी पदर खोचला, मापाची बाटली घेतली आणि वाडीत गेल्या. येऊन म्हणाल्या, "या बाटलीच्या पट्टीवर एक काडी आहे आणि एक वेटोळं." त्या दिवशी साडू पांघरुणातून कुडकुडत आकडे शिकवत होते आणि बाई चुलीपुढे जमिनीवर कोळशाने गिरवत होत्या. पंधरा दिवसांत आकडे आले, मग अक्षरंही आली. त्या वर्षीच्या वहीतलं ते एकच पान वेगळं आहे. अक्षरं बोराएवढी, रेघ सोडून चाललेली, पण एक दिवस चुकलेला नाही. साडू ते पान सगळ्यांना दाखवायचे, आणि बाई दर वेळी चिडायच्या.

साडू दर महिन्याला नोंदींची प्रत नागपूरला हवामान खात्याकडे पाठवत. पाच वर्षं काही उत्तर नाही. सहाव्या वर्षी, दिवाळी तोंडावर आली असताना, पत्र आलं. खात्याचे एक साहेब दौऱ्यावर येणार होते, केंद्र पाहणार होते, वही तपासणार होते, आणि सगळं ठीक असलं तर केंद्राला मान्यता देऊन गावाचं नाव यादीत घालणार होते. साडू ते पत्र घेऊन गावभर फिरले. वाचून दाखवताना दर वेळी त्यांचा आवाज 'यादीत' या शब्दावर बसायचा. सगळ्या गावाला कळलं की आता भाऊचं जे व्हायचं ते या साहेबाच्या हाती.

आणि नेमका तेव्हाच त्यांनी आयुष्यातला एकमेव अंदाज केला. मंडई, म्हणजे गावची जत्रा, तोंडावर होती. आमच्याकडे धान कापलं की गावोगाव मंडई आणि मंडईला नाटक, हे ठरलेलं. गावचंच नाटक, पाटील पुढारी, आणि राजाचं काम करायला वडशाहून मला बोलावलेलं. तीन आठवडे मी शाळेच्या वाटेवर भाषणं घोकली होती. नाटकाच्या आदल्या दिवशी मी पोचलो, तर साडू वाडीत येरझारा घालतायत. बरणीतलं कुंकवाचं पाणी बरंच खाली गेलेलं, वारा फिरून पूर्वेचा झालेला, चिंधीचा तापमापक आणि कोरडा तापमापक जवळजवळ एकच बोलू लागलेले, म्हणजे हवेत पाणी दाटलेलं. आणि सगळ्या गावाचं कापलेलं धान बांध्यांत उघड्यावर वाळत पडलेलं. पाऊस आला असता तर दाणा काळा पडला असता. साडू बरणीपाशी जाऊन बसले. शेवटी बाईच ओरडल्या, "तुमाले दिसून राह्यलं ना? मंग सांगत काऊन नाई? का धान सडल्यावर वहीत लिवसान?"

साडू उठले, मंडपात गेले, आणि पाटलांना म्हणाले, "पानी येईन. उद्या सांजेच्या आत." इतकंच. गावाने पाच वर्षं हे वाक्य ऐकायची वाट पाहिली होती, त्यामुळे पुढे कोणी काही विचारलंच नाही. नाटक रद्द. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून प्रधान, विदूषक, राजकन्या, सगळे बांधीत. भारे बांधतायत, वाहतायत, भाऱ्यांचे ढीग, म्हणजे पुंजणं, रचतायत. राजाच्या डोक्यावरही भारा होता. दुपारी ढग आले, काळेभोर, पोटात पाणी घेऊन. साडूंचा चेहरा उजळला. ढग तासभर डोक्यावर थांबले, आणि नदी ओलांडून निघून गेले. एक थेंब नाही. सांजेला असं साफ आभाळ झालं की मला रडू यावं. माझा राजा गेला होता.

कोणी त्यांना काही बोललं नाही, हेच वाईट झालं. पाटील फक्त म्हणाले, "होते जी भाऊ, धान तरी घरी आलं." साडू जेवले नाहीत. बाईंना म्हणाले, "पाच वर्सं मी मोजत होतो तवा बरोबर होतो. एक दिवस शहाना झालो." साहेब तीन दिवसांनी यायचे होते. आता ते येणार, सगळं गाव सांगणार की भाऊनं पाऊस सांगितला आणि पडला नाही, आणि यादीतलं नाव गेलं, असं त्यांनी स्वतःशी पक्कं केलं. मला त्यांची इतकी कीव आली की माझी गेलेली भाषणं मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ते वाडीत गेले ते बराच वेळ परत येईनात. मी आणि बाई मागोमाग गेलो. ते भांड्यापाशी मांडी घालून बसले होते आणि मोजत होते. मापाच्या बाटलीत एका वेळी अर्धा इंच मावे. त्यांनी ती अठरा वेळा भरून रिकामी केली, आणि एकोणिसाव्यांदा चौदा सेंट. नऊ इंच चौदा सेंट! भर श्रावणात, नदी रस्त्यावर येते तेव्हाही एका दिवसात एवढा पाऊस त्या वहीत नव्हता. भोवताली माती कोरडी ठणठणीत, सागाचं वाळकं पान पायाखाली कुरकुर वाजतंय, आणि माझे साडू नऊ इंच पाऊस पुढ्यात घेऊन बसलेले.

मग त्यांनी ते पाणी फडक्यातून गाळलं. फडक्यावर तांदळाचा एक दाणा निघाला. तो त्यांनी बोटावर घेऊन पाहिला, आणि बाईंकडे पाहिलं. बाई बांधीकडे पाहू लागल्या. मग तुळशीचं एक पान निघालं. गावात पहाटे तुळशीला पाणी घालणारा पुरुष एकच, पाटील. मग मोहाची साल, शेजारच्या काकूंच्या घागरीवर तिचंच झाकण असायचं. आणखीही काय काय निघालं. शेवटी फडक्याच्या कोपऱ्यात चहाची पत्ती निघाली. त्या गावात चहा पिणारा माणूस मी सोडून दुसरा नव्हता. आता खोटं कशाला बोलू? पहाटे उठलो, पेला विसळून भरला, आणि इकडेतिकडे पाहून ओतला. भाऊजींनी पाऊस सांगितला आणि भांड्यात काहीच नाही तर साहेब काय म्हणतील, एवढंच मनात होतं. सगळ्यांच्याच मनात तेवढंच होतं. फक्त आधी कोणी येऊन गेलंय हे कोणालाच माहीत नव्हतं.

आम्ही सगळ्यांनी त्यांना विनवलं. पान फाडा, निदान शाई सांडा. पाटील तर म्हणाले, "मी सांगतो साहेबाले, पान बकरीनं खाल्लं." साडूंनी कोणाचं ऐकलं नाही. नेहमीच्याच अक्षरात लिहिलं, 'पाऊस ९.१४. आभाळ साफ.' शेऱ्यापाशी मात्र टाक बराच वेळ थांबला. मग लिहिलं, 'पाणी विहिरीचे. ओतणारे माहीत आहेत, नावे लिहीत नाही.'

साहेब आले. चांगला माणूस होता. सगळं पाहिलं, वाट्यांवर हसला नाही, कुत्र्यावर हसला. मग ते पान आलं. साहेबांनी वर पाहिलं. अंगणात अर्धा गाव गुन्हेगारासारखा उभा. साडूंनी सगळं सांगितलं, अंदाजापासून पत्तीपर्यंत. साहेबांनी आपल्याजवळचे कागद चाळले. म्हणाले, "त्या दिवशी धानोऱ्याकडे अडीच इंच पडला. तुमचा अंदाज तसा खोटा नव्हता." आम्हाला हायसं वाटलं, पण साडू ताठ होऊन म्हणाले, "धानोऱ्याचा पानी धानोऱ्याचा, साहेब. दोन कोसांवर वेगळा असते, मंग तो तर किती दूर." मग साहेब म्हणाले की वही उत्तम आहे, पण जिथे कोणीही येऊन पाणी ओततं असं केंद्र सरकार मान्य करू शकत नाही. भोवती कुंपण घाला, फाटकाला कुलूप लावा, किल्ली स्वतःकडे ठेवा. एक वर्ष असं चाललं की मला लिहा, नाव यादीत येईल.

कुलूप आम्ही दोघांनी मिळून वडशाला घेतलं, चांगलं जाड पितळी. बांबूचं कुंपण झालं, फाटक झालं. वर्ष गेलं, दुसरंही गेलं, आणि यादीत नाव काही येईना. मी विचारलं तर साडू विषय बदलत. शेवटी एका उन्हाळ्यात मी स्वतः वाडीत जाऊन पाहिलं. कुलूप फाटकाला लटकत होतं, उघडंच, किल्ली त्यातच, आणि किल्लीला गंज चढलेला. मी चिडलोच. म्हटलं, "भाऊजी, पाच वर्षं तुम्ही एका नावासाठी जीव टाकला आणि एक किल्ली फिरवत नाही?" ते माझ्याकडे न पाहता चिंधी ओली करत होते. म्हणाले, "फिरवली होती जी, एक दिवस. मंग मनात आलं, त्या पहाटे किती मानसं आली होती. कुलूप पाहून वापस गेली असती ना."

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. यादीत त्या गावाचं नाव नाही. मी पाहिली आहे यादी. पाऊस आता मिलिमीटरमध्ये मोजतात, पण त्या घरी अजून इंच आणि सेंटच चालतात, कारण बाईंना तेच येतात. गेल्या पौषात गेलो होतो. बाई थकल्यात, वाकल्यात, तरी साडेआठला पदर खोचून निघतात. मला साडूंची फार आठवण आली. पहाटे लवकर उठलो, चहा घेतला, पेला विसळला, आणि वाडीत जाऊन हळूच ओतला. फाटक उघडंच होतं. जेवायला बसलो तेव्हा बाईंनी मला वाटीत वरण वाढलं, द्रोणात नाही. निघताना मी वही उघडून पाहिली. बोराएवढ्या अक्षरांत, रेघ सोडून, त्या दिवसाची ओळ होती. पाऊस अर्धा इंच. आभाळ साफ. शेरा: 'मास्तर आले.'